हात पुढे, नाव मागे

३० जानेवारी, गुरुवार

तारीख संगिता घालते. मला वार पुरतो. बोलणारी मी, लिहिणारी ती. मला अक्षराची ओळख नाही, तेव्हा ही पोरगी माझ्या नावावर काय काय खपवेल त्याचा नेम नाही. म्हणून लिहून झालं की तिनं मला सगळं वाचून दाखवायचं, असं ठरलं आहे. शिव्या गाळायच्या नाहीत, हेही ठरलं आहे.

दिवाळीनंतर माझ्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली आणि तिच्या मागोमाग आवाजही गेला. बोलते तेव्हा सुक्या पानातून सरडा पळाल्यासारखं वाटतं, आणि गाणं तर निघतच नाही. कासाच्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, आजी, दिवसभर गळ्याला आराम द्या, काय बोलायचं ते संध्याकाळी थोडं, हळू बोला. मग ती संगिताला बाहेर घेऊन गेली आणि बराच वेळ काही सांगत राहिली. संगिता परत आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, हायवेची धूळ गेली. चारोटी नाक्याला धूळ असतेच. मला विचाराल तर आंबे पिकेपर्यंत आवाज परत येईल.

तोवर दिवसभर मुकी राहायचं आणि दिवेलागणीला नातीसमोर बसून साठलेलं बोलून टाकायचं. संगिताचा बाप प्रविण, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो की घरात एवढी शांतता त्यानं जन्मात पाहिली नव्हती. त्याला मी हातानंच उत्तर दिलं.

मी धवलेरी. संगिता म्हणते, हे नीट समजावून सांग, वाचणाऱ्याला कळायला हवं. कोण वाचणार आहे, असं विचारलं तर मान खाली घालून लिहीत राहिली. असो. आमच्यात लग्न धवलेरी लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात, त्याच्यापुढे बसून ती गाते. गाण्यात एकेका देवाचं नाव येतं आणि नाव आलं की ती तांदळाचा छोटा ढीग मांडते. त्याला पुंज म्हणतात. नाव आणि पुंज एकाच श्वासात. देव त्या तांदळावर येऊन बसतो.

दिवाळीच्या आधी माझा आवाज बसायला लागला, तेव्हाच संगितानं हे पुंज मांडायचं गाणं मोबाईलमध्ये भरून घेतलं. देवांची नावं उगाच दाखवायला म्हणून घेत नाहीत, म्हणून कोंबडा दिला, ताडी शिंपडली आणि सांगितलं की बाबांनो, लग्न नाही, पोरींना शिकायचं आहे, एकदाच या. ते आले. त्याच कामाला मी त्यांना पुन्हा उठवणार नाही.

त्या व्हिडिओवरून भारती शिकते आहे. ती पलीकडच्या पाड्यातली सून. बोर्डीला चिकूच्या वाडीत कामाला असते, तिथेच राहते, रविवारी घरी येते. होळीच्या आधी आमच्याच सायवनच्या हाल्याच्या पोराचं लग्न आहे, ते तिनं एकटीनं लावायचं. हाल्या सांगून गेला आहे की बाईला जमलं नाही तर तो डहाणूहून भटजी आणि माईक दोन्ही आणणार. आणि एका घरात माईक आला की पुढच्या घराला धवलेरी आठवत नाही. डोंगरापलीकडच्या गावांत तसंच झालं. तिथली धवलेरी आता लग्नात जेवायला जाते.

आज एवढं पुरे. घसा खवखवतोय आणि लिहिणारीला जांभया येतायत.

२ फेब्रुवारी, रविवार

भारती आली. पिशवीभर चिकू आणले, पण सगळे कच्चे. म्हटलं, गाणंही असंच आणलं आहेस का ते बघू.

सराव आम्ही चिंचोक्यांवर करतो. चिंचोक्यावर देव बसत नाही, त्यामुळे कुणाची फसवणूक होत नाही. तिनं सुरुवात केली. आवाज गोड आहे, माझ्यासारखा रांगडा नाही. नारनदेव बरोबर, हिरवा बरोबर. पुढे पुढे तिचा हात पळायला लागला. हिमायचं नाव अजून ओठात आणि चिंचोके जमिनीवर. धान्याच्या देवीपर्यंत, कणसरीपर्यंत पोचली तेव्हा हात अख्खा एक देव पुढे गेला होता. मी जमिनीवर बोट आपटून थांबवलं. विचारलं, हे काय.

"आधी आसन मांडायचं, मग हाक मारायची," भारती म्हणाली. "पाहुणा दारात येऊन उभा राहिल्यावर कुणी पाट शोधत बसतं का, आजी?"

मी म्हटलं, बोलायला गोड आहे, पण हे तुला कुणी शिकवलं.

"तूच."

आणि तिनं मोबाईल पुढे केला. व्हिडिओत तोंड दिसत नाही, नुसता दिव्याचा उजेड, चौकाचा खालचा भाग, माझे हात आणि तांदूळ. बांगड्या माझ्या. मनगटावरचा पेजेनं भाजल्याचा डाग माझा. आणि तो हात पुंज ठेवून मोकळा होतो, मग मागून माझा आवाज नाव घेतो. सुरुवातीला एवढंसं अंतर, शेवटाकडे चांगलंच. अगदी शेवटी तर चित्रच संपतं आणि काळ्यात माझं गाणं चालू राहतं. संगिता म्हणते, तेव्हा मोबाईल तापला असेल. मला ते काळ्यातलं गाणं ऐकवेना. मी मेल्यावर लावल्यासारखं वाटत होतं.

भारती निघताना पाया पडली. मी तिला रागावूही शकले नाही. ती बिचारी जे पाहिलं तेच करत होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस जेवण गोड लागत नाही. हे संगितानं लिहू नये असं सांगितलं होतं, तिनं लिहिलं आहे.

माझं वय झालं, हे मला ठाऊक आहे. पण हात चुकला असेल तर कधीपासून? त्या दिवशीच की आधीपासूनच? डोळ्यांसमोरून सगळी घरं जातात, जिथे मी बसले, जिथे चौकापुढे तांदूळ मांडले. सुकऱ्या आणि त्याची बायको आजही एकमेकांवर भांडी फेकतात. त्यांच्या लग्नात कणसरी रिकाम्या जमिनीवर बसली असेल का?

नळावर रखमी भेटली. रखमी हाल्याची आई. बायामाणसांत एवढी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कुणाची नाही, आणि त्या नजरेपेक्षा जीभ पुढे. म्हणाली, "जिजे, व्हिडिओ बघितला हो. हात भारी चपळ झालेत तुझे. गाण्याला धाप लागते मागून यायला."

मला उत्तर सुचलं होतं, चांगलं झणझणीत. पण आवाज नव्हता. रखमीनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी भांडण जिंकलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुपारी मी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसले होते. संगिता आत व्हिडिओ लावून बसली होती. काही दिवसांपासून तेच करते, पुढे नेते, मागे आणते, पुन्हा तेच. चित्र तिच्यापुढे, माझ्यापर्यंत नुसता आवाज. मी खडे शोधत होते, लक्ष कुठेतरी भलतीकडे. ती बाहेर आली आणि दारातच थांबली. मोबाईलकडे बघते, सुपाकडे बघते, परत मोबाईलकडे.

मी खाली पाहिलं. सुपात पुंज मांडले होते. नारनदेव, हिरवा, हिमाय, एकेक ओळीनं, आपापल्या जागी. माझं मलाच कळलं नव्हतं.

संगिता माझ्याशेजारी बसली. "आजी, तुझा हात आत्ता नावाबरोबर पडत होता. एकही चुकला नाही. तू बरोबर आहेस. व्हिडिओ चुकतोय."

मी पहिल्यांदा तांदूळ घाईघाईनं एकत्र केले आणि देवांची माफी मागितली, चुकून बोलावलं म्हणून. मग तिला विचारलं, यंत्र कसं चुकेल, तूच तर म्हणायचीस ते असतं तेच दाखवतं. ती म्हणाली, असतं ते दाखवतं, पण कधी दाखवायचं त्यात घोळ झाला आहे.

रात्री पोटभर जेवले. सुकऱ्याच्या बायकोनं आता खुशाल भांडी फेकावीत, माझा दोष नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दुरुस्ती चालू आहे. संगिताचा लॅपटॉप जुना, गरम झाला की त्याच्यावर भाकरी भाजता येईल.

पहिल्यांदा तिनं आवाज ओढून पुढे आणला, म्हणजे शेवटचं नाव शेवटच्या पुंजावर बसलं. मग सुरुवात बिघडली. तिथे मी हात उचलायच्या आधीच नाव घेते. दुसऱ्यांदा तिनं चित्र थोडं लांबवलं, ओल्या पापडासारखं ताणलं, म्हणजे चित्र आणि आवाज बरोबर संपतील. सुरुवात जमली, शेवट जमला. आम्ही दोघी हसलो. मग मधला भाग लावला आणि तिथे हात गाण्याच्या मागे पडलेला. हिमायला बोलावून झालं आहे आणि मी अजून तांदूळ घेते आहे.

तो भाग नीट बघितला तर तिथे उजेड आहे. मला आठवलं. मी बल्ब लावू दिला नव्हता, चौकाला दिवाच शोभतो, आणि दार लावून घेतलं होतं. मध्येच प्रविणनं बकरीला शोधायला दार सताड उघडलं होतं. गाणं थांबवता येत नाही, म्हणून मी गाता गाता त्याच्याकडे जे पाहिलं ते त्याच्या अजून लक्षात आहे. संगिता विचारात पडली. उजेडात एक चाल आणि अंधारात दुसरी, असं ती पुटपुटत होती.

भारतीला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. तिला वाटतं मी माझी चूक मोबाईलवर ढकलते आहे. तोंडावर म्हणाली नाही, पण चिंचोके भरताना जरा जास्तच हळू भरत होती.

मग म्हटलं, चित्र बघू नकोस, नुसतं ऐक. तर तिला कुठला पुंज कुठे, चिमूट किती, हात कुठून फिरवायचा, हे कुणी सांगायचं? मला सांगता येत नाही. गाण्याशिवाय मला देवांचा क्रमच येत नाही. गाताना आपोआप येतो, नुसता सांगायला गेले की हिरवा नारनदेवाच्या आधी घुसतो. आणि गाणं आता त्या मोबाईलमध्येच आहे. आंब्यापर्यंत तरी. संगिताला म्हटलं, एवढी घाई कशाला, आवाज आला की मीच गाऊन शिकवीन. तर ती एकदम म्हणाली, "नाही, हाच नीट व्हायला हवा." इतक्या जोरात की कोंबड्या उडाल्या. हाल्याच्या लग्नाची तिलाच जास्त काळजी लागली आहे, असं दिसतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जीपनं तलासरीला गेलो. तिथे मनिषचा स्टुडिओ आहे, लग्नाचे व्हिडिओ करतो. भिंतीवर नवरानवरीचे फोटो, सगळ्या नवऱ्या आकाशाकडे बघतायत, जणू कुणी पत्रा उडवून नेला आहे. त्यानं मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मला बोलायची बंदी, म्हणून मी ऐकत बसले.

मनिषनं व्हिडिओ थोडासाच बघितला आणि संगिताला विचारलं, "मोबाईलमधून काढून थेट एडिटिंगमध्ये टाकलास ना?" ती हो म्हणाली. मग तो मला सांगायला लागला. शिकवायला आवडणारा मुलगा आहे. म्हणाला, आजी, व्हिडिओ म्हणजे भराभर काढलेले फोटो. तुमच्या घरात अंधार होता. अंधारात मोबाईलला एकेका फोटोला जास्त वेळ लागतो, म्हणून तो कमी फोटो काढतो. दार उघडलं, उजेड आला, की पुन्हा जास्त काढतो. कुठला फोटो कुठल्या क्षणी काढला हे मोबाईलच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. पण एडिटिंगच्या सॉफ्टवेअरनं ते बघितलं नाही. त्यानं सगळे फोटो सारख्या अंतरानं लावले.

मी हातानं थांबवलं. मग हळूच म्हटलं, "म्हणजे भाताच्या लावणीसारखं. एकीनं विरळ लावलं, एकीनं दाट. कुणीतरी येऊन सगळी रोपं उपटली आणि सारख्या अंतरावर परत लावली. विरळ होतं तिथलं आखडलं, आणि बांध यायच्या आतच रोपं संपली."

मनिष म्हणाला, तसंच काहीसं. आणि आवाज?

आवाज म्हणजे वावर, म्हटलं. ते जेवढं आहे तेवढंच राहिलं. म्हणून शेवटी माझं गाणं उघड्या मातीत.

संगितानं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा सांडवला की काय असं वाटलं.

उपाय सोपा आहे म्हणाला. एक फुकटचं सॉफ्टवेअर येतं, त्यात मोबाईलची मूळ फाईल घालायची आणि फ्रेम रेट कॉन्स्टंट कर असं सांगायचं. जिथे फोटो कमी आहेत तिथे ते आधीचाच फोटो पुन्हा लावून जागा भरतं. वेळ हलत नाही. मग त्या प्रतीवर काय ते एडिटिंग करायचं. फक्त मूळ फाईल हवी. एडिट केलेल्यात वेळेचा हिशेब पुसला गेला आहे, त्याच्यातून काही निघणार नाही.

संगितानं कपाळाला हात लावला. लॅपटॉपवरची मूळ फाईल तिनं एडिटिंग झाल्यावर काढून टाकली होती. मोबाईलवरची संक्रांतीनंतर पुसली, मोबाईल भरला म्हणून, मामाच्या घरचे पतंगांचे फोटो बसत नव्हते म्हणून. मनिषनं तिला हळू आवाजात काहीतरी सांगितलं, बघ नशीब असेल तर, असं काही.

परतीच्या जीपमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, अगं, आंब्यापर्यंत थांबू. त्यावर ती आणखीच रडली. आजकालच्या पोरींना समजावणं अवघड.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सापडली. मोबाईलमध्येही उकिरडा असतो म्हणे. पुसलेलं लगेच जात नाही, महिनाभर तिथे पडून राहतं, मग आपोआप जातं. महिना भरतच आला होता. माझे सगळे देव, कोंबडा आणि ताडी घेतलेले, पतंगांच्या आणि बकरीच्या फोटोंखाली उकिरड्यात बसले होते. संगितानं त्यांना बाहेर काढलं आणि पहिल्यांदा मनिषला पाठवलं, मग प्रविणच्या मोबाईलवर, मग आणखी कुठे कुठे. म्हटलं, आता भुताखेतांनाही पाठव.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या खेपेला पुन्हा चुकलंच. लॅपटॉप दुपारभर घुरघुरला आणि बाहेर आलं ते जसंच्या तसं, हात पुढे, नाव मागे. मनिषला फोन केला. तिथे एक टिंब होतं, फ्रेम रेट मुळासारखा ठेवायचा की एकसारखा करायचा, ते तिनं बदललंच नव्हतं. मनिष हसला असावा, कारण संगिताचे कान लाल झाले. बदललं. पुन्हा घुरघुर.

संध्याकाळी लावलं.

नारनदेव. हात, नाव. हिरवा. हात, नाव. मध्ये प्रविणनं दार उघडलं, उजेड आला, तरी हात नावापासून सुटला नाही. कणसरीचं नाव आलं आणि माझ्या चिमटीतून तांदूळ त्याच वेळी सुटले. एकाच श्वासात. शेवटी काळं झालं नाही. गाणं संपलं तेव्हा माझे हात गुडघ्यावर आले, तांदळाची भुकटी झटकली, आणि मगच चित्र थांबलं.

मी बोटानंच खूण केली, पुन्हा लाव. आज बोलायची वेळ होती तरीही.

भारती शेवटपर्यंत बघत होती. बघून झाल्यावर म्हणाली, मला आसन आधी मांडणंच बरं वाटत होतं. मी तिला दम देणार होते. पण तिनं खरं ते सांगितलं. वाडीत चिकू तोडताना ती तेच गुणगुणते, हातही तसेच फिरतात, रोज फिरतायत, ते एका संध्याकाळी कसे उलटे फिरतील. म्हटलं, पाहुण्याला पाट आधी मांडतात हे बरोबर. पण देव पाहुणा नाही. तो घरचा आहे. त्याचं नाव घेताना त्याला हाताला धरून बसवायचं. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं, बोलता बोलता तोंडून गेलं. सांगताना मात्र असं सांगितलं की मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तिनं ऐकलं. पटलं का ते कळलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

जुना व्हिडिओ मरत नाही. संगितानं सगळीकडून पुसला, पण आमच्या पोरी वापीला कंपन्यांत कामाला आहेत, त्यांच्या मोबाईलवर तो फिरतो, आणि तिथून परत आमच्याच पाड्यात येतो. शेवटी मी स्वतः मोबाईलमध्ये बोलले, जसा येतो तशा आवाजात. म्हटलं, मी जिजा धवलेरी, आधीचा व्हिडिओ पुसा, त्यात माझा हात खोटा आहे. संगितानं तो सगळ्यांना पाठवला. वापीहून एकीनं विचारलं, हे कोण पुरुष बोलतात.

भारतीचा हात अजून पळतो. सुरुवातीला बरोबर, मग लक्ष गाण्यात गेलं की निसटतो. कणसरीपाशी तर हमखास. आज तीनदा झालं, तिसऱ्यांदा तिनं चिंचोके ढकलून दिले आणि म्हणाली, हाल्याला भटजी आणू दे, मी चिकूच तोडते. मला तिचा राग आला आणि माझा स्वतःचाही. माझा गळा असता तर मी तिच्याशेजारी बसून गायले असते, तिचा हात माझ्या आवाजानं धरला असता.

तेवढ्यात हाल्या स्वतः हजर. दारात उभा राहून म्हणाला, माईकवाल्याला विचारून ठेवलं आहे, नुसतं विचारलं आहे. भारतीनं ढकललेले चिंचोके गोळा करायला घेतले आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माईक आण की. माझं गाणं वरच्या पाड्यापर्यंत ऐकू जायला हवं."

हाल्या माझ्याकडे बघायला लागला. मी माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे बोलायला मनाई.

६ मार्च, गुरुवार

लग्न लागलं. संगिताला कालच लिहायचं होतं, पण काल मी दमले होते.

हाल्याचं घर माणसांनी भरलं होतं. चौक चांगला काढला होता, त्याच्यापुढे भारती बसली, नवी साडी नेसून. मी बाजूला, रखमी माझ्यासमोर, म्हणजे भारतीच्या हाताच्या अगदी रेषेत. रखमीनं मुद्दामच ती जागा घेतली. माईक आला नाही. हाल्या म्हणाला माईकवाल्याला दुसऱ्या लग्नाचं काम लागलं, पण मला वाटतं त्यानं आणलाच नाही.

भारतीनं सुरुवात केली. नारनदेव, हिरवा, एकेक नाव, एकेक पुंज. हिमायही बरोबर. मी गुडघ्यावर बोटं दाबून धरली होती, नाहीतर तीही चालायला लागली असती. मग कणसरी यायची ती ओळ आली. गाणं तिथे लांब वळण घेतं, तिचा आवाज वळणावर चढला, आणि हात निसटला. तांदूळ खाली पडले. नाव अजून यायचं होतं.

लग्नात मांडलेला पुंज उचलत नाहीत. ते सगळ्यांना ठाऊक. रखमीची मान वर झाली. हाल्या भिंतीला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

भारतीनं हात मागे घेतला नाही. त्या तांदळावर हात तसाच ठेवला, अलगद, आत झोपलेलं पिल्लू असावं तसा. आणि गात राहिली. वळण पूर्ण केलं, ओळ पूर्ण केली, कणसरीचं नाव आलं आणि त्या नावाबरोबर तिनं हात उचलला. तांदूळ उघडे झाले. पुढचं नाव, पुढचा पुंज, बरोबर. त्याच्या पुढचाही. शेवटपर्यंत.

हे मी शिकवलं नव्हतं. कुठल्याही व्हिडिओत नाही.

गाणं संपल्यावर बायकांनी ओळ उचलून धरली, घर दणाणलं. मीही तोंड हलवत होते. माझ्या गळ्यातून काही निघत नव्हतं आणि त्या गर्दीत ते कुणाला कळतही नव्हतं. बरं वाटलं.

जेवताना रखमी शेजारी येऊन बसली. मी तयारीत होते. तिनं भात कालवला, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "कणसरीला हाताखाली घेतलं तिनं. माझी आजेसासू तसं करायची म्हणतात." रखमीची आजेसासू धवलेरी नव्हती, तिला गाणंही येत नव्हतं. पण मी तिच्या पुढ्यात आणखी भात सरकवला. पुढच्या वर्षी रखमी सांगेल की ही रीत तिच्याच घरातून आली.

संगिता कोपऱ्यात मोबाईल घेऊन उभी होती. या वेळी तिनं तेल घालून दिवे भरपूर ठेवले होते.

११ मार्च, मंगळवार

आज दुपारी अंगणात एक माणूस आला. तलासरीकडचा, डोक्याला रुमाल, हातात ताडीची बाटली, म्हणजे लग्नाचं बोलणं घेऊन आलेला. मी झाडत होते. त्यानं विचारलं, धवलेरीचं घर हेच ना.

संगिता आतून आली, काही बोलणार होती. मी तिला हात केला.

त्याला पाणी दिलं. मग म्हटलं, हे नव्हे. ओढा ओलांड, शेवग्याच्या झाडावरून वर जा, निळ्या पत्र्याचं घर लागेल. भारती नाव. आज बोर्डीला असेल, रविवारी भेटेल.

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आम्हाला तर जिजाबाई म्हणून सांगितलं होतं."

"जिजाबाई तिला शिकवणारी," मी म्हटलं. "तीही येईल लग्नाला. तिला पुढे बसवा, चौकाजवळ, म्हणजे भारतीला दिसेल."

त्यानं मान हलवली, पाणी प्यायला आणि वळला. तो ओढ्याकडे चार पावलं गेला, तेव्हा मी त्याला परत हाक मारली. हाक म्हणजे टाळी वाजवली. म्हटलं, बाटली इथे ठेव. वाट दाखवणारीचाही मान असतो.